पावतीवरची दोन सरकारं

गडकरी म्हटलं की लोकांना रस्ते आठवतात. पण २८ जुलै २०२४ या तारखेचं त्यांचं जे पत्र गाजलं, त्यात रस्ता कुठेच नव्हता. आयुर्विमा महामंडळाच्या नागपूर विभागातल्या कर्मचारी संघटनेनं आपल्या खासदाराला एक निवेदन दिलं होतं. खासदार केंद्रात मंत्री होते. त्यांनी ते निवेदन पुढे करून अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना लिहिलं, की आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांच्या हप्त्यांवरचा १८ टक्के जीएसटी मागे घेण्याचा विचार व्हावा. आयुष्याचा भरवसा नाही म्हणून माणूस विमा उतरवतो. त्यावर कर लावणं म्हणजे त्या बेभरवशावरच कर लावणं, असा पत्राचा रोख होता.

मंत्र्यानं मंत्र्याला पत्र लिहिणं यात नवल काही नाही. सत्ताधारी मंत्र्याचं म्हणणं आठवडाभरात विरोधकांच्या फलकांवर जाऊन बसलं, हे मात्र नवल. ६ ऑगस्टला ‘इंडिया’ आघाडीचे खासदार संसदेच्या दारात उभे राहिले, हातात ‘टॅक्स टेररिझम’ असे फलक. पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांचंही पत्र अर्थमंत्र्यांकडे पोचलं होतं. एरवी ज्यांचं एकमेकांशी कशावरच जमत नाही, अशी मंडळी विम्याच्या पावतीपाशी येऊन एकमतानं बोलत होती.

ती पावती एकदा जवळून पाहायला हवी.

समजा, ठाण्यातलं साठीच्या उंबरठ्यावरचं एक जोडपं. नोकरी खासगी, त्यामुळे निवृत्तीच्या दिवशी ओळखपत्राबरोबर कंपनीचा विमाही परत गेला. आता दोघांची मिळून स्वतःची पॉलिसी. हिशेबाला सोपं म्हणून मूळ हप्ता ५०,००० रुपये धरू. त्याखाली दोन ओळी. केंद्रीय जीएसटी ९ टक्के, ४,५०० रुपये. राज्य जीएसटी ९ टक्के, ४,५०० रुपये. बेरीज ५९,०००. दिल्लीचा आणि मुंबईचा वाटा पैशापैशानं सारखा. सोन्याच्या बांगडीवर ३ टक्के जीएसटी. आजारपणात ती बांगडी मोडावी लागू नये म्हणून काढलेल्या पॉलिसीवर १८ टक्के.

याच हप्त्यावर सरकार आयकरात सवलतही देत आलं आहे. कलम ८०डी खाली स्वतःच्या कुटुंबासाठी २५,००० रुपयांपर्यंत, ज्येष्ठ नागरिक असेल तर ५०,००० पर्यंत वजावट मिळते. पण ती जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत ही वजावट नाही, आणि २०२३-२४ पासून वेगळं काही निवडलं नाही तर नवी प्रणालीच लागू होते. ठाण्यातल्या त्या जोडप्यानं नव्या प्रणालीचा रस्ता धरला असेल, तर त्यांच्या हाती ५९,००० ची पावती तेवढी उरत होती.

* * *

विमा आणि सरकार यांची भारतात जुनी सोयरीक आहे. १९७२ च्या कायद्यानं सर्वसाधारण विमा सरकारच्या ताब्यात गेला. देशात तेव्हा १०७ कंपन्या होत्या. १ जानेवारी १९७३ पासून त्यांच्या चार झाल्या. मुंबईची न्यू इंडिया, कोलकात्याची नॅशनल, दिल्लीची ओरिएंटल आणि चेन्नईची युनायटेड इंडिया. या चौघींनी १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ नावाची पॉलिसी आणली. वनस्पती तुपाला जसं डालडा, तसं आजही घरोघरी कुठल्याही कंपनीच्या आरोग्यविम्याला मेडिक्लेमच म्हणतात. ‘आमचा मेडिक्लेम आहे’ हे वाक्य मध्यमवर्गात एके काळी ‘आमचा फ्लॅट आहे’ इतक्याच समाधानानं म्हटलं जायचं.

१९९४ च्या अर्थसंकल्पात डॉ. मनमोहन सिंग यांनी सेवाकर सुरू केला. सुरुवात तीनच सेवांपासून झाली: टेलिफोन, शेअर दलाल आणि सर्वसाधारण विमा. दर ५ टक्के. त्या वेळी सर्वसाधारण विमा विकणारं सरकार, त्याचे नियम करणारं सरकार आणि त्यावर कर घेणारंही सरकारच. ग्राहकाला दुसरं दुकान नव्हतं.

दुकानं उघडली ती पुढे. मल्होत्रा समितीचा अहवाल १९९४ मध्ये आला, विमा नियामकाचा कायदा १९९९ मध्ये झाला आणि २००० पासून खासगी कंपन्या बाजारात उतरल्या. परकीय भांडवलाची मर्यादा २६ टक्क्यांवरून ४९, मग २०२१ मध्ये ७४ टक्के झाली. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात ती १०० टक्के करण्याची घोषणा झाली. कर मात्र खासगी-सरकारी असा भेद न करता चढत गेला. अधिभार धरून २०१६ मध्ये तो १५ टक्क्यांवर होता आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर १८ झाला.

सरकारी मक्तेदारीत ग्राहक सुखी होता असं समजायचं कारण नाही. युनायटेड इंडियाच्या एका मेडिक्लेमधारकानं दाव्यासाठी कोर्टाची पायरी चढल्यावर कंपनीनं त्याच्या पॉलिसीचं नूतनीकरणच नाकारलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००१ मध्ये न्यायालयानं बजावलं, की सरकारी कंपनीला असं मनमानी वागता येणार नाही. ग्राहक भांडला हे पॉलिसी तोडायचं कारण होऊ शकत नाही. आपल्या हक्कासाठी भांडणारा माणूस म्हणजे ‘कटकट’, ही दृष्टी सरकारी काउंटरवर रुजलेली होती. खासगी कंपन्या आल्यावर काउंटरवर काच चकचकीत लागली आणि फोनवर बोलणारा आवाज गोड झाला.

* * *

ऑगस्ट २०२४ मध्ये सीतारामन यांनी लोकसभेत उत्तर दिलं. त्याचा गोषवारा असा: विम्यावरचा कर जीएसटीच्या आधीपासून आहे, प्रत्येक राज्य तो घेत होतं, जमा होणाऱ्या रकमेचा मोठा वाटा शेवटी राज्यांकडेच जातो, निर्णय जीएसटी परिषदेचा असतो, आणि तिथे राज्यं बसतात. इथे गोंधळ घालणाऱ्यांनी आपापल्या राज्याच्या अर्थमंत्र्यांना विचारलं का?

प्रश्न राजकीय होता, पण हिशेब खोटा नव्हता. शंभर रुपयांचा जीएसटी जमा झाला, तर पन्नास थेट राज्याचे. केंद्राच्या पन्नासातले ४१ टक्के वित्त आयोगाच्या सूत्रानं पुन्हा राज्यांमध्ये वाटले जातात. म्हणजे संसदेच्या दारात फलक धरणाऱ्या खासदारांच्या पक्षांची जिथे जिथे सरकारं होती, तिथली तिजोरीही याच ओळीवर भरत होती. आणि ती ओळ छोटी नव्हती. एकट्या २०२३-२४ मध्ये आरोग्यविम्याच्या हप्त्यांवरून ८,२६२ कोटी रुपये जीएसटी गोळा झाला, असं सरकारनंच संसदेत सांगितलं.

मग जे होतं ते झालं. ९ सप्टेंबर २०२४ च्या परिषदेत मंत्रिगट नेमायचं ठरलं. बिहारचे उपमुख्यमंत्री सम्राट चौधरी त्याचे निमंत्रक. ऑक्टोबरमध्ये मंत्रिगटाचा कल ज्येष्ठांच्या आरोग्यविम्याला आणि पाच लाखांपर्यंतच्या पॉलिसीला सूट देण्याकडे असल्याच्या बातम्या आल्या. डिसेंबरात जैसलमेरला परिषद भरली आणि विषय पुढे ढकलला गेला. विमा नियामकाचं म्हणणं अजून यायचं होतं. नियामक म्हणजे हैदराबादला मुख्यालय असलेलं, केंद्रानंच कायद्यानं नेमलेलं प्राधिकरण.

अखेर ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत निर्णय झाला. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांवरचा जीएसटी शून्य. फॅमिली फ्लोटर आणि ज्येष्ठांच्या पॉलिसीही त्यात आल्या. अंमल २२ सप्टेंबरपासून, घटस्थापनेच्या दिवशी.

ज्यांची पॉलिसी ऑगस्टात नव्यानं भरावी लागते, त्यांनी गडकरींच्या पत्रानंतर दोनदा १८ टक्के मोजले होते. ज्यांची मुदत ३ ते २१ सप्टेंबरच्या मध्ये संपत होती, त्यांची पंचाईत वेगळी. मुदत संपल्यावर हप्ता भरायला सवलतीचे दिवस मिळतात, त्या दिवसांत भरलं तर पॉलिसीची सलगता टिकते. पण वार्षिक हप्ता भरेपर्यंत मधल्या दिवसांत आजारी पडलं, तर संरक्षण नाही. ‘काका, थोडं थांबलात तर नऊ हजार वाचतील’ आणि ‘काका, या दिवसांत काही झालं तर?’ ही दोन्ही वाक्यं एकाच एजंटाला एकाच फोनवर बोलावी लागत होती. नऊ हजार रुपयांसाठी आपल्या छातीवर किती दिवस विश्वास ठेवायचा, हा हिशेब लोकांनी डायनिंग टेबलवर कॅलेंडर पुढ्यात घेऊन मांडला.

शून्यालाही बारीक अक्षरं होतीच. समूह पॉलिसीला सूट नाही. कंपनीनं कामगारांसाठी घेतलेली, बँकेनं खातेदारांसाठी काढलेली, व्यावसायिक संघटनेनं सभासदांसाठी ठरवलेली, अशा सगळ्या पॉलिसींवर १८ टक्के तसेच. मग त्यातला हप्ता खातेदार स्वतःच्या खिशातून भरत असला तरी. दुसरं असं, की विमा कंपनी स्वतः जाहिरात, कार्यालयाचं भाडं, एजंटाचं कमिशन यांवर जो जीएसटी भरते, तो तिला आधी ग्राहकाकडून घेतलेल्या करातून वळता करता यायचा. विक्रीवर कर नाही म्हटल्यावर ही वळती थांबली. कंपन्यांसमोर दोनच वाटा: तो भार स्वतः किंवा मध्यस्थांवर घ्यायचा, किंवा पुढच्या दरवाढीत मिसळून टाकायचा.

* * *

आरोग्यविम्याविषयी लोकांचा सरकारवर जो राग आहे, तो दोन तोंडांनी बोलतो. एक तोंड म्हणतं, सरकार फार हात घालतं: कर घेतं, नियम बदलतं, सवलत देऊन काढून घेतं. दुसरं म्हणतं, सरकार कशात हातच घालत नाही: कंपनी हप्ता वाढवते, रुग्णालय बिल फुगवतं, आणि विचारायला कुणी नाही. गंमत म्हणजे ही दोन्ही वाक्यं बहुतेकदा एकच माणूस बोलतो. पहिलं हप्ता भरताना, दुसरं डिस्चार्ज घेताना.

नियामकानं नियम केलेच नाहीत असं म्हणता येत नाही. पूर्वी कंपन्यांना ६५ वर्षांपर्यंतच्या माणसाला पॉलिसी देऊ करणं बंधनकारक होतं, त्यापुढे त्यांची मर्जी. १ एप्रिल २०२४ पासून ही वयाची अट गेली. आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त चार वर्षं थांबावं लागायचं, ते तीनवर आलं. पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की नंतर ‘तुम्ही अमुक सांगितलं नव्हतं’ म्हणून, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, दावा नाकारता येत नाही. आधी ही मुदत आठ वर्षांची होती. मे २०२४ च्या परिपत्रकानं कॅशलेसची विनंती तासाभरात आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायला सांगितलं.

सत्तर वर्षांच्या आजींना आता नवी पॉलिसी मागता येते हे खरं. पण त्यांच्या मधुमेहाकडे आणि गुडघ्यांकडे पाहून कंपनी अर्ज नाकारू शकते, फक्त कारण लेखी द्यावं लागतं. किंवा नाकारत नाही, असा हप्ता सांगते की आजीच नाकारतात. जानेवारी २०२५ मध्ये नियामकानं साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर आधी आपल्याशी बोला, असा लगाम घातला. तो वाढीवर आहे. पहिल्या दिवशी सांगितल्या जाणाऱ्या आकड्यावर नाही.

कायदा आणि पॉलिसी यांच्यातलं अंतर किती असतं, हे मानसिक आजारांच्या बाबतीत दिसलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सांगितलं, की शारीरिक आजाराला मिळतो त्याच पायावर मानसिक आजारालाही विमा मिळाला पाहिजे. कायदा २०१८ मध्ये अमलात आला, नियामकाचं परिपत्रकही त्याच वर्षी निघालं. तरी पॉलिसींतली जुनी कलमं जागची हलली नाहीत. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात एका महिलेला आपल्या मानसिक उपचारांच्या खर्चासाठी भांडावं लागलं, आणि न्यायालयानं कंपनीला कायद्याची आठवण करून दिली. संसदेनं दिलेला हक्क हाती यायला रिट याचिका लागली.

* * *

आता डिस्चार्जचा दिवस.

सकाळी राउंडला आलेले डॉक्टर म्हणतात, ‘आज घरी जायला हरकत नाही.’ सलाइन निघतं, पिशवी भरली जाते, सून रिक्षा बघून ठेवते. मग खाली विम्याचा डेस्क. तिथल्या संगणकावरून अंतिम बिल टीपीएकडे, म्हणजे कंपनीच्या वतीनं दावे हाताळणाऱ्या मध्यस्थाकडे जातं. दुपारी उत्तर येतं, ते बहुधा ‘क्वेरी’ असतं: जुने केसपेपर पाठवा, रक्तदाब कधीपासून आहे ते डॉक्टरांकडून लिहून आणा. डॉक्टर ऑपरेशनला. तीन तासांचा नियम आहे. उशीर झाला आणि त्यामुळे रुग्णालयानं जादा आकारणी केली तर ती कंपनीच्या भागधारकांच्या पैशातून भरायची असंही त्यात लिहिलेलं आहे. पण घड्याळ कुठल्या कागदापासून सुरू झालं, यावर वाद घालायचं बळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या माणसात उरलेलं नसतं.

संध्याकाळी मंजुरी येते आणि त्यात कात्री. सगळ्यात खोल जखम रूम रेंटची. समजा पाच लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,०००. त्या रात्री शेअरिंगमध्ये जागा नव्हती, म्हणून ८,००० ची खोली घेतली. घरच्यांचा समज असतो, की रोजचे वरचे तीन हजार आपण भरायचे. प्रत्यक्षात खोलीला लावलेलं पाच-अष्टमांशाचं माप डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग या सगळ्याला लागतं, कारण रुग्णालयाचे हे दर खोलीच्या वर्गाप्रमाणे बदलतात. औषधं, इम्प्लान्ट आणि तपासण्यांना हे माप लावायचं नाही, असा नियामकाचा २०२० चा दंडक आहे. तरीही फी, थिएटर, नर्सिंग मिळून १,६०,००० झाले असतील, तर कंपनी देणार एक लाख. साठ हजार घरचे. त्यात हातमोजे, मास्क, नोंदणी शुल्क अशी ‘न मिळणाऱ्या वस्तूं’ची यादी वेगळी.

हे एकट्यादुकट्याचं नशीब नाही. नियामकाच्या अहवालानुसार २०२३-२४ मध्ये कंपन्यांनी आरोग्यविम्याचे ८३,४९३ कोटी रुपयांचे दावे दिले. त्याच वर्षी सुमारे १५,१०० कोटी रुपये पॉलिसीच्या अटींत बसत नाहीत म्हणून कापले गेले आणि १०,९३७ कोटींचे दावे थेट फेटाळले गेले.

कंपन्यांची बाजू ऐकली तर तीही पोकळ वाटत नाही. रुग्णालयाच्या दारात पहिला प्रश्न असतो, ‘मेडिक्लेम आहे का?’ आणि त्या उत्तरावर बिलाचा आकार ठरतो, असं त्या सांगतात. रुग्णालयं म्हणतात, कंपन्या वर्षानुवर्षं जुन्या दरावर अडून बसतात आणि पैसे थकवतात. ऑगस्ट २०२५ मध्ये रुग्णालयांच्या एका संघटनेनं एका मोठ्या खासगी कंपनीच्या ग्राहकांची कॅशलेस सोय थांबवण्याची सूचना आपल्या सदस्यांना दिली होती. वाटाघाटी झाल्या, प्रकरण निवळलं. हप्ता भरून बसलेल्या ग्राहकाला या वाटाघाटींच्या टेबलावर खुर्ची नव्हती.

* * *

सरकारचा हात नेमका कुठे थांबतो, हे समजायला राज्यघटनेची सातवी अनुसूची उघडावी लागते. विमा केंद्राच्या यादीत, नोंद ४७. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं राज्याच्या यादीत, नोंद ६. पॉलिसीत काय लिहायचं हे हैदराबादेतून ठरतं. ती पॉलिसी जिथे वापरायची, त्या रुग्णालयाची नोंदणी महापालिकेत किंवा जिल्ह्यात होते. एकच आजारपण, त्याचे दोन मालक.

रुग्णालयांना शिस्त लावण्यासाठी केंद्रानं २०१० मध्ये क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा केला, पण तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांवर. महाराष्ट्रानं तो स्वीकारला नाही. इथे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. जानेवारी २०२१ मध्ये त्याच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आली, दरपत्रक दर्शनी भागात लावायचं बंधन आलं, तक्रारीची सोय आली. जन आरोग्य अभियानासारख्या संघटना या नियमांची अंमलबजावणी करा म्हणून सातत्यानं मागणी करतात. दर लावायचे आहेत. किती लावायचे हे सांगणारं त्यात काही नाही.

ते सांगण्याचा प्रयत्न एकदा झाला होता. मे २०२० मध्ये, कोविडच्या पहिल्या लाटेत, राज्य सरकारनं खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा ताब्यात घेतल्या आणि दिवसाचे दर बांधून दिले: साध्या वॉर्डला ४,०००, अतिदक्षता विभागाला ७,५००, व्हेंटिलेटर असेल तर ९,०००. मुंबई-पुण्यात महापालिकांनी बिलं तपासायला लेखापरीक्षक बसवले. बिलाच्या प्रत्येक ओळीवर पेन टेकवणारा सरकारी माणूस मराठी मध्यमवर्गानं पहिल्यांदा पाहिला. दरबंदी कोविड नसलेल्या रुग्णांनाही लागू केली होती, आणि तिथे नागपूरची रुग्णालयं न्यायालयात गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं निकाल दिला: कोविड नसलेल्या रुग्णांसाठी खासगी रुग्णालयांचे दर ठरवण्याचा अधिकार सरकारला दरबंदीसाठी वापरलेल्या कायद्यांखाली नाही.

त्याच नागपुरातून चार वर्षांनी कराविरुद्धचं पत्र गेलं. हप्त्यावर कर लावताना सरकारला कधी कुणी अधिकार विचारला नव्हता. बिलाला हात लावताना तो पहिल्याच सुनावणीपासून विचारला गेला, आणि अधिकार देणारा कायदा त्यानंतरही विधानसभेत झाला नाही.

* * *

मग लोक सरकारी योजनेकडे का वळत नाहीत? कागदावर महाराष्ट्रात आता सगळेच विमाधारक आहेत. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, आणि जुलै २०२३ च्या निर्णयानं रेशनकार्डाचा रंग न पाहता राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण देऊ केलं. तेव्हा १,३५६ उपचार यादीत होते. गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, मोठ्या कुटुंबाला चार लाख. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेचं पाच लाखांचं कार्ड मिळतं. खासगी पॉलिसी असली तरी.

अडचण कार्ड मिळण्यात नाही, कार्ड चालणारं रुग्णालय सापडण्यात आहे. ठरावीक पॅकेजचे दर परवडत नाहीत आणि पैसे वेळेवर येत नाहीत, ही खासगी रुग्णालयांची जुनी तक्रार. त्यामुळे अनेक मोठी रुग्णालयं यादीपासून दूर राहतात किंवा मोजक्या उपचारांपुरतीच यादीत असतात. घराजवळच्या ज्या डॉक्टरवर वीस वर्षं विश्वास, त्याच्या दारावर योजनेचा फलक नसतो. म्हणून ठाण्यातलं ते जोडपं कार्ड कपाटात ठेवतं आणि खासगी हप्ता भरत राहतं.

योजना आणि खासगी पॉलिसी या दोन्हींच्या बाहेर राहणाऱ्या माणसांची मोजदाद नीती आयोगानं ऑक्टोबर २०२१ च्या अहवालात केली होती. गरिबांच्या योजनेत न बसणारे आणि स्वतःच्या पैशानं पॉलिसी न घेतलेले असे किमान ३० टक्के, म्हणजे सुमारे ४० कोटी भारतीय. आयोगानं त्यांना ‘हरवलेला मधला वर्ग’ म्हटलं. रिक्षावाले, दुकानातले नोकर, छोटे शेतकरी, घरून शिकवण्या घेणाऱ्या बाई. १८ टक्के गेले म्हणून यांच्यातले किती जण दारात येतील, हे पुढच्या काही हप्त्यांत कळेल. कारण त्यांचा अडसर करापेक्षा करावरच्या मूळ रकमेचा जास्त होता.

* * *

दावा कापला गेला तर जायचं कुठे, याचं एक उत्तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, तीस दिवस वाट, मग वर्षाच्या आत लोकपालाकडे. पन्नास लाखांपर्यंत भरपाईचा निवाडा तो देऊ शकतो आणि तो निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. नागपूरकराची तक्रार पुण्याच्या कार्यालयाकडे जाते, पणजीकराचीही.

हा रस्ता वापरणारी माणसं ओळखू येतात. त्यांच्या हातात प्लास्टिकची फाइल असते, तिच्यात पॉलिसीच्या सगळ्या वर्षांच्या प्रती तारखेनं लावलेल्या, ईमेलच्या छापील प्रती, डॉक्टरांचं पत्र. बहुतेक जण कुठल्या तरी कचेरीतून निवृत्त झालेले, कागद जपण्याची सवय असलेले. ज्यानं आयुष्यात एकही कागद जपला नाही, ज्याचा क्लेम मुलानं मोबाइलवर भरला आणि नाकारल्याचा एसएमएस वाचून सोडून दिला, तो या जिन्यापर्यंत येत नाही.

ठाण्यातल्या जोडप्याची नवी पावती आता वेगळी दिसेल. केंद्राच्या ओळीत शून्य, राज्याच्या ओळीत शून्य. मात्र पाच लाखांच्या पॉलिसीवाल्यानं त्या रात्री घेतलेली ८,००० ची खोली अजून डोळ्यांसमोर असेल, तर तिचंही बिल वाचायला हवं. अतिदक्षता विभाग सोडून दिवसाला ५,००० हून जास्त भाडं असलेल्या रुग्णालयातल्या खोलीवर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे. चार दिवसांचं भाडं ३२,०००. खिडकीतला माणूस बिल फिरवून समोर ठेवतो, ‘बाकीचे कसे देताय, कार्ड की यूपीआय?’ असं विचारतो, आणि भाड्याच्या आकड्याखाली लहान अक्षरांत दोन ओळी असतात: केंद्र ८००, राज्य ८००.